अर्ध्या ताटावरून उठलेला माणूस

लवूने पैज घेतली तेव्हा त्याच्या हातात रॉकेलचा रिकामा डबा होता आणि रेशनच्या रांगेत त्याच्या पुढे एकोणीस माणसं. शहाऐंशी सालचा मे महिना. घाटकोपरच्या डोंगराखाली तेव्हा असं ऊन पडायचं की चप्पल डांबराला चिकटायची आणि माणूस पुढे जायचा. अशा उन्हात कोणाचीही निम्मी अक्कल उडते. लवूकडे मुळात किती होती ते त्याच्या मास्तरांना विचारा, दोन वर्षं एकाच बाकावर बघत होते त्याला, नववीच्या. पुस्तक उघडलं की ह्याला झोप. पण आवाज काढायला सांगा! कावळा, कुकर, सुरू न होणारी रिक्षा, तान्हं पोर, सोसायटीचे सेक्रेटरी मार्तंडकाका. एकदा त्याने मार्तंडकाकांच्या आवाजात जिन्यातून "पाणी आलं रे" करून सगळ्या बिल्डिंगला हंडे घेऊन खाली पळवलं होतं, पाणी यायच्या दोन तास आधी. बापाने कंबरेच्या पट्ट्याने फोडला. लवूच्या मते वसूल होतं.

तर पैज. पैज लावली रतनने. रतन तिसऱ्या मजल्यावरचा, दोन वर्षांनी मोठा, तोंडापेक्षा हाताने जास्त बोलणारा. पैज होती पेटीवरून.

पेटी म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. चंद्रप्रकाशचा मामा बोटीवर कामाला होता. त्याने कुठल्यातरी बंदरातून भाच्यासाठी एक पेटी आणली. आत एक जाडं इंग्रजी पुस्तक आणि फासे. आपले सहा तोंडांचे नाहीत, चार तोंडांचे, बारा तोंडांचे, एक तर वीस तोंडांचा, गोटीसारखा. चंद्रप्रकाशने पुस्तक वाचून अर्थ लावला, बाकीचं लवूने मनाने लावलं. खेळ असा की एकाने सांगायचं. त्याला हे लोक सांग्या म्हणायचे. सांग्या सांगतो, तुम्ही गुहेत आहात, समोर दार आहे. बाकीचे सांगतात, आम्ही दार फोडतो, आम्ही दाराला कान लावतो. जमतं का नाही ते फासा ठरवतो. आणि गोष्टीत जो कोण भेटेल, राजा, राक्षस, पानवाला, त्याचा आवाज सांग्याने काढायचा. आता आवाज म्हटल्यावर सांग्या कोण होणार? वर्गात शेवटच्या बाकावरचा लवू पेटी उघडली की राजा असायचा.

पण राजाचे हाल कुत्रा खाईना. कारण चार खेळणारे आणि चार तऱ्हा. रतनला फक्त मारामारी पाहिजे. दार दिसलं की तोड, माणूस दिसला की ठोक. चंद्रप्रकाशला नकाशा पाहिजे, तो चौकटीचा कागद घेऊन पावलं मोजायचा आणि एक पाऊल चुकलं तर खेळ थांबवायचा. सहदेवला हसायला पाहिजे, त्याचा गडी तलवारीऐवजी झारा घेऊन फिरायचा आणि राक्षसाला विचारायचा, जेवलास का रे. आणि मीराला माणसं पाहिजे होती. ती वाटेत भेटेल त्याच्याशी बोलत बसायची. तुझं नाव काय, गाव कुठलं, घरी कोण कोण असतं. लवू एकाला खूश करायचा तोवर दुसरा जांभया द्यायचा.

मीरामुळेच एक नियम झाला होता. ती प्रश्न विचारून लवूला असा पिडायची की तो मध्येच "तो माणूस मेला" म्हणून मोकळा व्हायचा. मग चंद्रप्रकाशने पेटीच्या झाकणावर आतून पेनाने लिहून ठेवलं: सांग्याने एकदा आवाज काढला की विचारलेल्याचं उत्तर द्यावंच लागेल. उत्तर मिळेपर्यंत आवाज सोडायचा नाही. हा नियम इंग्रजी पुस्तकात नव्हता. ह्या पाच जणांचा स्वतःचा होता, आणि पेटीतला तेवढाच एक नियम सगळे पाळायचे.

हे सगळं दिवाळीच्या सुट्टीपर्यंत. त्या सुट्टीत मीराचे वडील गेले आणि मीरा खेळायची बंद झाली. पोरांशी बोलायचीच बंद झाली म्हणा ना.

"तिघांना कोणपण बसवेल," रतन रांगेत म्हणाला. "मीराला बसव. तिला बोलायला लाव. आणि बसायचं पंपाच्या खोलीत, भर बाराच्या ठोक्याला. कोण एक जरी मध्येच उठला तर तू हरलास. मग परत सांग्या व्हायचं नाय. फासे माझ्याकडे."

लवूने नाही म्हणायला पाहिजे होतं. रॉकेलचा डबा ह्या हातातून त्या हातात केला. पण नाही म्हटलं की रतन विचारणार, का रे, का नाय? आणि त्या "का" ला लवू सहा महिने टाळत होता.

"ठीकाय," तो म्हणाला. "शनिवारी."

*

मीराचे वडील म्हणजे दशरथकाका, सोसायटीचे पंपवाले. घाटावरचा माणूस. चौकात जमिनीखाली पाण्याची मोठी टाकी, वर सिमेंटचा ओटा, ओट्याच्या मध्ये लोखंडी झाकण. ओट्याला लागून पंपाची खोली आणि खोलीला लागून दशरथकाकांची खोली, दहा बाय आठची. पहाटे पाणी आलं की काका पंप चालू करणार, म्हणून ती खोली त्यांना. दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी ते टाकीत सापडले. डोकं पाइपावर आपटलेलं, घरात अर्धं जेवलेलं ताट तसंच. सगळे म्हणाले प्यायलेला असणार, तोल गेला असणार. एकाने म्हटलं, दुसऱ्याने मान डोलवली, तिसऱ्याने वास आला होता म्हणून सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत ते खरंच झालं.

नंतर झाकणाला कुलूप बसलं. मीराची आई, जानकीबाई, सोसायटीच्या पायऱ्या चढून उतरून थकली. पंप मी चालवते, मला येतो, खोली तेवढी ठेवा. मार्तंडकाका म्हणायचे, बघू. आणि माघारी म्हणायचे, बेवड्याचं घर आतमध्ये ठेवलं तर उद्या आपल्यालाच त्रास, आणि ही माणसं एकदा बसली की... पुढचं ते बोलत नसत. ऐकणाऱ्यांना कळायचं. येत्या रविवारी अकराला सभा होती. खोली सोमवारी खाली करायची का नाही, एवढाच विषय.

दशरथकाका त्या दुपारी प्यायले नव्हते. हे लवूला माहीत होतं. कसं माहीत होतं ते त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी तो मीराच्या दारात गेला. ती गोणीत भांडी भरत होती. भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो तेवढा अजून काढलेला नव्हता. लवूने खाली बघतच विचारलं, खेळायला येतेस का उद्या. तिला नाही म्हणायची संधी मिळावी म्हणून लगेच म्हणाला, पंपाच्या खोलीत आहे, नसेल यायचं तर राहू दे.

मीराने हातातलं ताट बराच वेळ फडक्याने पुसलं.

"पंपाच्या खोलीत ना," ती म्हणाली. "मग येते."

*

शनिवारी बाराला चौकात चिटपाखरू नव्हतं. कोकणातल्या म्हाताऱ्या पोरांना ज्या वेळेला बाहेर सोडत नाहीत ना, ती वेळ. ऊन सरळ वरून पडतं आणि कोणाचीच सावली नीट पडत नाही. नवा पंपवाला बाहेरून यायचा, सकाळचं काम करून तो गेला होता.

पंपाच्या खोलीला खिडकी नाही. दार ओढून घेतलं आणि उजेड बंद झाला, फक्त दाराच्या फटीतून एक पांढरी रेघ फरशीवर. सहदेवने मेणबत्ती लावली. ग्रीसचा वास, ओल्या लोखंडाचा वास, टाकीत टाकायच्या पावडरीचा नाकात जाणारा वास. बाहेर अंगाची लाही होत होती आणि आत फरशी गार. पंपापासून जाडा पाइप निघून भिंतीतून खाली टाकीत गेला होता. पंप बंद होता. तरी पाइपाला पाठ लागली की आत काहीतरी हळूच हलल्यासारखं वाटायचं. मीरा नेमकी पाइपाला टेकून बसली.

लवूने पाताळातल्या राजाच्या पाण्याच्या कारखान्याची गोष्ट लावली. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी तो असा रंगला की विचारू नका. रतनला दिल्या ढालीवाल्या तीन मगरी, एक मारली की दोन होणाऱ्या. रतन गुडघ्यावर उभा राहून फासे टाकायला लागला. चंद्रप्रकाशला दिला एक जिना, तेरा पायऱ्या, दोन वळणं, दर वळणावर एक खोटं दार. तो जीभ बाहेर काढून नकाशा काढत बसला. सहदेवला दिली पाताळातली खानावळ, जिथे दोनच पदार्थ, उसळ आणि कालची उसळ. तिघंही एका गोष्टीत, तिघंही खूश. असं कधीच झालं नव्हतं.

आणि मीरा गप्प. लवूने तिच्यापुढे नावाडी आणला, रडणारी म्हातारी आणली, हरवलेली राजकन्या आणली. मीरा नुसतं म्हणायची, पुढे जा. नाहीतर मानच हलवायची.

रतनच्या लक्षात आलं. तो हसला. "बोलत नाय ती. हरलास, लव्या. आण फासे."

आणि लवूला राग आला. रागापेक्षा घाबरला होता तो, पण त्याला तो रागच वाटला.

"थांब ना," तो म्हणाला. "जिना संपला. खाली विहिरीचा तळ आहे. पाणी कमरेइतकं. आणि पाण्यात कोणतरी उभा आहे, पाठमोरा."

त्याने मनात एक गंमतीचा आवाज ठरवला होता, नाकातून बोलणाऱ्या एका म्हाताऱ्याचा. सहदेव तरी हसेल म्हणून. त्याने तोंड उघडलं. आलं ते वेगळंच. घोगरं, खालून ओढून काढल्यासारखं, दम लागलेलं.

"कोन हाय रं वर..."

सहदेव हसायला लागला आणि मध्येच थांबला. चंद्रप्रकाशची पेन्सिल थांबली. आवाज त्यांनी सगळ्यांनी ओळखला. रोज पहाटे चौकात तोच ओरडायचा, पानी आलं, पानी.

मीराने हळूच मान वर केली. तिच्या तोंडावर राग नव्हता. लवूला राग चालला असता.

"कोण तुम्ही?" तिने विचारलं.

"पंपवाला."

"नकला करू नको, लव्या," रतन कुजबुजला. पण लवू त्याच्याकडे बघतही नव्हता. लवू गळ्यावर हात धरून बसला होता.

मीरा पाइपापासून पुढे सरकली. खेळात विचारतात तसं तिने विचारलंच नाही. सहा महिने जे ती आईला, मार्तंडकाकांना, पंचनाम्याला आलेल्या हवालदाराला विचारत होती, तेच विचारलं.

"ताटावरून का उठलात?"

लवूला बोलायचं होतं, बस, खेळ संपला, मी हरलो, घे फासे. एवढंच बोलायचं होतं. ओठ हलले.

"पोर पडलं व्हतं... टाकीत. आवाज आला. लई रडत व्हतं... म्हनून उडी घातली."

"कुणाचं पोर?"

"त्येच हुडकतोय," आवाज म्हणाला. "समदीकडं चाचपलं... हाताला काय घावंना..."

पाइपात पाणी हललं. आता ते सगळ्यांना ऐकू आलं. कोणीतरी कमरेइतक्या पाण्यात हळूहळू पाय टाकत चालावं तसं. इकडून तिकडे. मग परत.

रतनला काही सुचेनासं झालं की तो मारामारी करतो. त्याने वीस तोंडांचा फासा उचलला, म्हणाला मी ह्याला मारतो, आणि टाकला. फासा फरशीवरून घरंगळत पंपाखाली गेला. थांबल्याचा आवाज आला नाही. थोड्या वेळाने खोल कुठेतरी आवाज आला, डुबुक. पंपाखाली भोक नव्हतं. नंतर चंद्रप्रकाशने हात घालून बघितलं, सगळी फरशीच होती.

तो डुबुक लवूने ओळखला. कारण तसाच आवाज त्याने एकदा स्वतः केला होता.

दिवाळीच्या सुट्टीत दशरथकाकांनी त्याचा बॉल काढून घेतला होता. बॉल दोनदा टाकीत गेला होता, पिण्याचं पाणी ते, म्हणून. लवूला वाटलं, थांब, ह्या काकाला पळवतो. दुपारी चौकात कोणी नसताना त्याने टाकीचं झाकण सरकवलं, कुंडीएवढा एक दगड उचलून आत सोडला, आणि पंपाच्या खोलीमागे लपून बारीक पोराच्या आवाजात रडला. आई गं... बुडलो... असा हुबेहूब की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं. दशरथकाका जेवत होते. हात न धुता धावत आले. लवूने तोंडात मूठ कोंबली, हसू फुटू नये म्हणून. काका आत वाकतील, काही दिसणार नाही, मग शिव्या देतील. एवढीच गंमत होती. काका वाकलेच नाहीत. त्यांनी तशीच उडी घातली.

लवू वाट बघत राहिला. आतून आवाज येत होता, कुठं हायस रं बाळा, घाबरू नगो, आलोय मी. पाणी हलत होतं. मग काहीतरी पाइपावर आपटलं. मग नुसतं पाणी. मग तेही नाही.

लवू वर घरी गेला आणि जेवायला बसला. आईने वाढलेलं सगळं खाल्लं.

"तुमी वर हाय," आवाज म्हणाला. लवूच्याच तोंडातून, लवूचेच डोळे पाण्याने भरलेले. "तुमास्नी दिसत आसंल. त्ये पोर निघालं का भाईर?"

मेणबत्तीचं मेण सहदेवच्या बोटांवर सांडत होतं आणि त्याला कळत नव्हतं.

"उत्तर द्यावं लागतं," चंद्रप्रकाश अगदी हळू म्हणाला. "नियम आहे आपला... विचारलेल्याचं..."

मीरा लवूकडे बघत होती. एकटक. तिला काय कळलं होतं देव जाणे, पण ती त्याच्या डोळ्यांकडे बघत नव्हती, तोंडाकडे बघत होती.

लवू उठला. दार ढकललं आणि पांढऱ्या उन्हात पळत सुटला. एक जरी उठला तर हरलास, अशी पैज होती. उठला तो सांग्याच.

*

घरी आई तांदूळ निवडत होती. लवूचा घसा सुकला होता. तो म्हणाला, पाणी दे. म्हणजे त्याला तसं म्हणायचं होतं.

"पानी दे," घरात दशरथकाका बोलले.

आईच्या हातातलं सूप खाली आलं. तिने दाराकडे बघितलं, मग लवूकडे. "ह्यो कोणाचो आवाज काढतंस?" ती म्हणाली. "मेलेल्या माणसाची थट्टा करू नये, बाबू." लवूने नाही नाही म्हणून मान हलवली, तोंड उघडलं, आणि परत तसंच झालं. मग त्याने तोंड मिटलं ते मिटलंच. आईने मीठमोहरीने दृष्ट काढली. संध्याकाळी बाप, काशीराम, कंपनीतून आला आणि नाटकं बंद कर म्हणून दोन ठेवून दिल्या. लवू ओरडला नाही. ओरडलं तर कोणाचा आवाज येईल ह्याची त्याला भीती वाटत होती.

नियम त्याला पाठ होता. उत्तर मिळेपर्यंत आवाज सोडायचा नाही. फक्त त्याला वाटायचं, आवाज सोडणारा तो आहे. आवाजाने त्याला धरून ठेवलं तर काय, ते पेटीच्या झाकणावर लिहिलेलं नव्हतं.

*

रविवारी अकराला चौकात सभा भरली. घरोघरच्या लोखंडी खुर्च्या ओट्याभोवती मांडलेल्या, काही माणसं ओट्यावरच बसलेली, पेपर अंथरून. मध्ये कुलूप लावलेलं झाकण. जानकीबाई एका कडेला उभी होती. तिला कोणी बस म्हटलं नाही. मीरा झाकणाशी जाऊन उकिडवी बसली. मार्तंडकाकांनी खोकून कागद उघडला आणि वाचायला लागले. कामावर असताना मद्यपान, त्यामुळे झालेला अपघात, सबब खोली.

लवू बापाच्या खुर्चीमागे उभा होता. सबब म्हणजे काय त्याला माहीत नव्हतं, पण जानकीबाईने तो शब्द ऐकून भिंतीला हात टेकला ते त्याने बघितलं.

तो पुढे निघाला. काशीरामने शर्टाला धरून मागे ओढलं. शर्टाचं बटण तुटलं आणि तो गेलाच पुढे.

"थांबा जरा," तो म्हणाला.

आवाज दशरथकाकांचा. जानकीबाईने पदर तोंडात कोंबला. मार्तंडकाका लाल झाले, ह्या कार्ट्याला घेऊन जा म्हणाले, दोन माणसं उठलीसुद्धा. लवूने त्यांच्याकडे बघितलंच नाही. तो झाकणाशी, मीराच्या समोर, गुडघ्यावर बसला आणि लोखंडाशी तोंड नेऊन बोलला.

"काका, पोर नव्हतं."

"काका" त्या घोगऱ्या आवाजात निघालं. "नव्हतं" म्हणेपर्यंत आवाज फुटला, चिरकला, आणि लवूचा स्वतःचा झाला. पंधरा वर्षांच्या पोराचा, अर्धा कच्चा.

"तो मी होतो. आवाज मी काढला होता. तुम्हाला पळवायला. आत फक्त दगड होता."

मग त्याने सगळं सांगितलं. बॉल, झाकण, दगड, रडणं, मूठ तोंडात कोंबणं. काका प्यायले नव्हते, हाताला भात होता, ताटावरून उठून धावत आले होते आणि एका पोरासाठी उडी घातली होती, हे पण सांगितलं. वर जाऊन जेवलो, हे पण. काशीराम खुर्चीत होता तसाच राहिला, फक्त त्याचे दोन्ही हात मांडीवर उलटे पडले होते.

जानकीबाई जवळ आली. लवूने डोळे मिटले, मारणार म्हणून. तिने मारलं नाही.

"किती येळ?" तिने विचारलं. "किती येळ हुडकत होते?"

लवूला खोटं बोलायचं होतं. पहिल्यांदाच कोणाच्या भल्यासाठी.

"बराच वेळ," तो म्हणाला.

मार्तंडकाकांनी कागदाच्या चार घड्या केल्या आणि खिशात घातला. खोली राहू द्या, पंप जानकीबाई बघतील, असं काहीतरी ते खाली बघून म्हणाले. बाकीच्यांनी माना हलवल्या, त्यांना सवय होती. तो विषय तिथेच संपला.

मीराने झाकणावर तळहात टेकला, झोपलेल्या माणसाला उठवतात तसा.

"ऐकलंत ना, बाबा?" ती म्हणाली. "पोर नव्हतं. या आता वर."

कुठून तरी कुकरची शिट्टी झाली. चौकात ऊन आता सरळ वरून पडत होतं. खाली, झाकणाच्या खूप खाली, पाण्यातलं ते चालणं थांबलं. मग घोगरा, दमलेला आवाज आला, अगदी शांत. सगळ्यांनी ऐकला.

"मंग म्या धरलाय त्यो हात कुनाचा हाय?"

खुर्च्या मागे पडल्या. काशीराम उठला आणि त्याने लवूच्या अशी कानाखाली दिली की तो ओट्यावर आडवा झाला. अजून थट्टा, म्हणाला, एवढं होऊन अजून थट्टा. चार माणसं लवूवर धावून आली, मार्तंडकाका थरथरत ओरडत होते की ह्या पोराला लाज म्हणून नाही. आणि त्यांना सगळ्यांना तसंच वाटायला पाहिजे होतं. दुसरं काही वाटून घ्यायची कोणाची तयारी नव्हती.

फक्त मीरा हलली नाही. तिचा हात अजून झाकणावर होता. हाताखाली लोखंड कोणीतरी आतून चाचपावं तसं हलकंच वाजत होतं. दोन ठिकाणी. एक जड हात, आणि त्याच्या शेजारी एक बारीक.

"त्याचं तोंड बंद होतं," मीरा म्हणाली. "मी बघत होते."

लवूच्या ओठातून रक्त येत होतं. तो ओट्यावरून झाकणापासून मागे मागे सरकत होता, आणि आता त्याचा आवाज नुसता त्याचाच होता, दुसऱ्या कोणाचा नाही.

"दगड मी टाकला," तो म्हणाला. "रडलो मी. पळालो मी. सगळं मीच केलं, आईशप्पत, सगळं... पण हा आवाज मी नाय काढला."